मीटर न लावता दिलेला शब्द

तिला सगळे मीटरबाई म्हणत, आणि या नावावर ती कधी चिडली नाही. बिघडलेला सीडी प्लेअर काखेत मारून कोणी दुकानात आलं आणि "आवाज जरा दबल्यासारखा वाटतो" म्हणालं, की ती वीज मोजायच्या मीटरच्या दोन वायरी हातात घ्यायची आणि म्हणायची, "वाटतो की आहे, ते बघू." पुष्कळदा नुसतं वाटतच असायचं. मग ती प्लेअर पुसून तसाच परत करायची आणि गिऱ्हाईक जरा हिरमुसून निघून जायचं. आजार निघाला नाही म्हणून नाराज होणारी माणसं फक्त डॉक्टरांकडेच जातात असं नाही.

दुकान म्हणजे तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची जागा. वरून कोणी धावत उतरलं की टेबलावरचे स्क्रू नाचायचे, म्हणून तिने टेबलाला चारही बाजूंनी काठ ठोकून घेतला होता. मागच्या फळ्यांवर उघडे प्लेअर ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकावर त्याचं दुखणं लिहिलेली चिठ्ठी असे: 'ट्रे उघडत नाही', 'तिसऱ्या गाण्याला अडकतो', आणि एकावर तर 'प्लेअर ठीक, मालक अडकतो'.

मीटरबाई हे नाव तिला रेडिओच्या कारखान्यात पडलं. तिथे चाळीस बायका एका रांगेत बसून सोल्डरिंगने वायरींना टाके देत, आणि ती त्यांतली सर्वांत तरुण होती. एकदा तपासून आलेल्या भागांची अख्खी पेटी तिने पुन्हा मोजली आणि सांगितलं, हे भाग खराब आहेत. अर्धा दिवस काम थांबलं, पर्यवेक्षकाने सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली आणि रांगेतल्या बायकांनी "आल्या मीटरबाई" म्हणून तिला हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेटी खरंच खराब निघाली. हसणं थांबलं, पण नाव राहिलं. अठरा वर्षांनी कारखाना बंद झाला तेव्हा जाताना काय हवं असं विचारलं गेलं. बाकीच्या बायकांनी भिंतीवरची घड्याळं घेतली, हिने आपल्या जागेवरचा मीटर मागून घेतला.

पण हातात सोल्डरिंगची कांडी पहिल्यांदा दिली ती दादाने. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील कायम फिरतीवर, त्यामुळे घरातला वडीलधारा तोच. बारा वर्षांच्या बहिणीला शेजारी बसवून तो सांगायचा, "हात थरथरला तर श्वास सोड, चिमणे, मग टाका दे." पुढे तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागला, तीस वर्षं तिथे राहिला आणि निवृत्त झाला. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने तो घरात सगळ्यांना नकोसा झाला. वहिनींच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे त्याने उंचीप्रमाणे लावून दिले, आणि त्यानंतर पंधरा दिवस वहिनींना जिरं सापडत नव्हतं. शेवटी त्यांनीच त्याला मागची खोली रिकामी करून दिली. तिथे बसून तीन वर्षांत दादाने आपला डबा तयार केला.

हा डबा सीडी प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये लावायचा. सीडीवर आवाज ठिपक्याठिपक्यांनी लिहिलेला असतो, एका सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर ठिपके, आणि ते जोडून पुन्हा आवाजाची रेघ काढली जाते. हे रेघ काढायचं काम प्लेअरऐवजी हा डबा करायचा. दादाचं म्हणणं असं, की दोन ठिपक्यांच्या मध्ये हिशोब करून आणखी तीन ठिपके भरले, तर रेघ जास्त गुळगुळीत होईल आणि आवाज जास्त खरा वाटेल. याला अपसँपलिंग म्हणतात. कल्पना काही त्याची नव्हती. असे डबे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावरून चांगली चांगली माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली आहेत. पण ठिपके भरायचा हिशोब मात्र त्याने स्वतः, ओळ अन् ओळ, लिहिला होता. डब्याच्या मागच्या बाजूला एक बटण होतं. वर केलं की अपसँपलिंग चालू, खाली केलं की बंद.

डबा झाला आणि दादाने तिला घरी बोलावलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय. आधी म्हणाला, वहिनी आठवण काढते. मग म्हणाला, आलीच आहेस तर जेवून जा. जेवण झाल्यावर मागच्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर तिला बसवलं, व्हायोलिनची सीडी लावली आणि बटण वर केलं. पर्समध्ये मीटर होता, तो कायमच असे. तिने तो काढला नाही. भावाकडे जेवायला गेल्यावर कोणी वजनकाटा बाहेर काढत नाही. शिवाय दादा तिच्या चेहऱ्याकडे असा बघत होता, की तिला आतून भरून आलं.

"दादा, केवढं मोकळं झालं रे," ती म्हणाली. "खिडकी उघडल्यासारखं."

तिला खरोखरच तसं वाटलं होतं. खोटं बोलण्यातली ती नव्हेच.

पंधरा दिवसांनी ते वाक्य छापून आलं. दादाने डब्याची माहिती देणारा कागद काढला होता, आणि सर्वांत वर जाड अक्षरात होतं: 'खिडकी उघडल्यासारखं झालं – मीटरबाई'. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी एक श्रोता मंडळ जमायचं. तीसचाळीस माणसं, बहुतेक निवृत्त, मंडळाच्या जुन्या प्लेअरवर एकत्र बसून सीडी ऐकायची. मीटरबाई ज्याला चांगलं म्हणते ते चांगलंच, हे त्यांच्यात ठरलेलं होतं, कारण ती बहुतेक गोष्टींना वाईटच म्हणायची. कागद हातात पडल्यावर बारा जणांनी एकही प्रश्न न विचारता डबे विकत नेले. वार्षिक सभेत दादा आणखी वीस डबे मांडणार होता, आणि मंडळाने त्याच दिवशी त्याचा सत्कार करायचं ठरवलं होतं.

सभेला तीन आठवडे असताना दातांचे डॉक्टर आपला डबा घेऊन जिन्याखाली आले. हे मंडळाचे अध्यक्ष. डबा उत्तम, फक्त मागची एक वायर हलते, म्हणाले. तिने दोन मिनिटांत टाका दिला. आणि दुरुस्तीनंतर मोजायचंच, या हाताच्या सवयीने एकसुरी आवाजाची चाचणी सीडी लावून मीटर जोडला. बटण खाली होतं तेव्हा मीटरने एक व्होल्ट दाखवला. बटण वर केलं. एक पूर्णांक शून्य सात.

तिने वायरी बदलल्या. मीटरची बॅटरी बदलली. मग दुसरा मीटर लावला. आकडा तोच.

सात शतांश व्होल्ट म्हणजे काही फार नव्हे. एवढ्याने आवाज मोठा झाला हे कोणाला कळत नाही, आणि घोळ तिथेच होतो. कानाला फक्त वाटतं, की चांगला झाला. किंचित मोठा आवाज जास्त स्वच्छ, जास्त मोकळा वाटतो, हे तिने गिऱ्हाइकांना शंभरदा बजावलं होतं. दोन वस्तूंची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करायचा, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. कारखान्यातल्या पोरींना तो तिनेच शिकवला होता. आणि स्वतःच्या भावाचा डबा ऐकताना ती नेमकी तो विसरली. दादाने ठिपके भरण्याच्या हिशोबात कुठेतरी एक आकडा जरासा जास्त घेतला होता, बस. तिला लाज वाटली ती भावाची नव्हे, स्वतःची.

आता फक्त एकच गोष्ट पाहायची राहिली. आवाज सारखा केल्यावर काही उरतं का? डॉक्टरांकडून डबा सभेपर्यंत मागून घेऊन तिने त्याला एक दुहेरी बटण बसवलं. अपसँपलिंग चालू झालं की त्याच दांडीने दोन छोटे भाग मध्ये यायचे आणि वाढलेला आवाज तेवढाच खाली उतरायचा. घरी जाऊन तिने नवऱ्याला बटणापाशी बसवलं आणि स्वतः त्याच्याकडे पाठ केली. नवरा ग्रंथपाल. नाणं उडवून बटण वर की खाली ते ठरवायचं, आणि बटणाची टक् ऐकू येऊ नये म्हणून त्या वेळी खोकायचं, असं ठरलं. वीस वेळा झालं. अकरा बरोबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस वेळा. नऊ बरोबर. नुसतं नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी एवढीच बरोबर आली असती. तिसऱ्या दिवशी शेजारीण काढा घेऊन आली आणि म्हणाली, भावोजींचा खोकला फार दिवस अंगावर काढू नका.

रविवारी ती दादाकडे गेली आणि आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. दादाने आधी हसण्यावारी नेलं. एक आकडा चुकला ना, मग तो बदलतो, त्यासाठी एवढं कशाला?

"आकडा बदल," ती म्हणाली. "पण मग त्या बटणाने काहीच होत नाही, दादा. मी चाळीस वेळा ऐकून पाहिलं."

"तुझे कान बावन्न वर्षांचे आहेत."

"आणि तुझे एकसष्ट."

मग मात्र तो भडकला. संगीत काय मीटरने ऐकायचं असतं? हातच्या काकणाला आरसा कशाला? बारा माणसांनी डबे नेले, एकाने तरी परत आणला का? ती म्हणाली, त्यांनी माझा शब्द ऐकून नेले, आणि तो शब्द मी मोजल्याशिवाय दिला होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाचं नुकसान झालेलं नाही, आणि तीन वर्षांनी हा माणूस सकाळी शीळ घालत उठायला लागलाय, तो पुन्हा माझे डबे लावत बसला तर? वहिनींचं खरंच होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं तरी कोणाला? तरी ती पुन्हा आत गेली.

"मला तुला खाली पाडायचं नाही," ती म्हणाली. "मला माझा शब्द परत हवाय. कागदावरचं माझं वाक्य काढ, नाहीतर मंडळात सगळ्यांना ऐकवू आणि त्यांनाच ठरवू दे."

"ऐकव," दादा म्हणाला. "सत्काराच्या दिवशीच ऐकव. मीही ऐकून उत्तरं लिहीन."

ती चालत घरी आली. तिला फार वाईट वाटत होतं, आणि तेवढ्यासाठी आपण थांबणार नाही हेही तिला ठाऊक होतं. पुढचे दोन आठवडे तिने दुकानात कमी आणि त्या डब्यावर जास्त काम केलं. आतला प्रत्येक टाका भिंगाखाली पाहिला. पाहता पाहता तिला एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. तीही तिने मोजली, आणि दुसऱ्या चाचणीची तयारी करून ठेवली.

सभेच्या दिवशी एकतीस माणसं होती. डब्यावर पांढरं कापड टाकलं होतं आणि बटणापाशी तिचा नवरा बसला होता, या वेळी राजरोस खोकायला. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे वीस तुकडे वाजणार होते. प्रत्येक वेळी चिठ्ठीवर 'चालू' किंवा 'बंद' लिहायचं होतं. सुरुवातीला दोन्ही ऐकवून दाखवले तेव्हा पुष्कळांनी जाणत्यासारख्या माना डोलावल्या. दहाव्या तुकड्यापर्यंत माना थांबल्या, आणि पंधराव्याला लोक छताकडे बघून लिहू लागले.

डॉक्टरांनी निकाल वाचला. बहुतेकांचे नऊ, दहा, अकरा बरोबर. सर्वांत कमी सहा. सर्वांत जास्त चौदा, ते एका निवृत्त शिक्षिकेचे. त्यांचं अभिनंदन करावं तोच त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की त्यांनी एकाआड एक लिहिलं होतं. मंडळी हसली. दादा हसला नाही. स्वतःची चिठ्ठी त्याने डॉक्टरांना दिली नव्हती. ती घेऊन तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आठ."

मागच्या रांगेत खुर्च्या सरकू लागल्या. हारतुरे एका टेबलावर तसेच पडले होते आणि लोक त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

"बसा," मीटरबाई म्हणाली. "अजून एक ऐकायचं आहे."

एक गृहस्थ म्हणाले, आता पुरे, बिचाऱ्यांना किती लाजवायचं. ती म्हणाली, पंधरा मिनिटं लागतील, आणि ती झाल्याशिवाय मी दार उघडणार नाही. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं, की सगळे मुकाट्याने बसले. या वेळी बटण खालीच राहणार होतं, अपसँपलिंग पूर्ण बंद. तुलना होती ती मंडळाच्या जुन्या प्लेअरचा थेट आवाज आणि त्याच सीडीचा डब्यातून आलेला आवाज, यांची. दोन्ही मीटरने सारखे केलेले. आकडे तिने फळ्यावर लिहून ठेवले आणि डॉक्टरांना तपासायला लावले. दहा तुकडे झाले. चिठ्ठ्या गोळा झाल्या. एकतीसपैकी सव्वीस जणांची दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती.

मग ती उभी राहिली. तिला भाषण करता येत नसे, त्यामुळे ती गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलली. मंडळाच्या प्लेअरमधले भाग तीस वर्षांत वाळून गेलेत, त्याचा आवाज मळलेला आहे. डब्यातला वीजपुरवठा इतका स्वच्छ आहे आणि काम इतकं नीट आहे, की मी कारखान्यात अठरा वर्षांत असं काम पाहिलं नाही. चांगल्या, नव्या प्लेअरला याचा काही उपयोग होणार नाही. पण तुमचे प्लेअर माझ्याकडेच येतात, ते मला माहीत आहेत. आवाज सुधारतो तो डब्याने, बटणाने नाही. मी मोजल्याशिवाय बोलले, ती माझी चूक. कागदावरचं माझं वाक्य खोडा.

दादा खुर्चीवरून न उठता म्हणाला, "म्हणजे ज्याच्यावर तीन वर्षं घालवली ते फुकट, आणि त्याच्याभोवती जे सहज ठोकलं ते चांगलं?"

सभागृहात सगळे तिच्याकडे बघत होते. वहिनीसुद्धा. गोड काहीतरी बोलता आलं असतं, आणि कोणी तिला दोष दिला नसता.

"हो," ती म्हणाली.

दादा उठला आणि हार टेबलावर तसाच सोडून वहिनींबरोबर घरी गेला.

पुढचे पाच आठवडे त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. तिने फोन केला तर वहिनी उचलायच्या आणि तो बाहेर गेलाय असं सांगायच्या. मागून त्याचा खाकरण्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. डबे नेलेल्या बारा जणांना तिने स्वतः फोन करून सगळं सांगितलं. एकानेही डबा परत केला नाही, आणि हे दादापर्यंत पोहोचलं का ते तिला कळलं नाही. ती रोज दुकान उघडायची, काम करायची. केलं ते बरोबर केलं, याबद्दल तिला एकदाही शंका आली नाही. पण भाऊ गमावणं त्याच्यात बसतं का, हा प्रश्न मात्र कोणत्याही मीटरने सुटणारा नव्हता. एका दुपारी एका गिऱ्हाइकाने विचारलं, बाई, तब्येत बरी नाही का? ती म्हणाली, बरी आहे. ते काही खरं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात एका मंगळवारी सकाळी दादा जिन्याखाली वाकून आत आला. काखेत डबा होता. तो त्याने टेबलावर ठेवला आणि मागची बाजू तिच्याकडे वळवली. बटण नव्हतं. बटणाची जागा पत्रा बसवून, घासून, रंगवून अशी बुजवली होती, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

"हिशोब काढून टाकला," तो म्हणाला.

"सगळा?"

"सगळा. आणि तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हेही सांगून ठेवतो. आधी मोज. मग ऐक."

तिने मोजलं. डावीकडे एक व्होल्ट, उजवीकडेही एक व्होल्ट. तिने वरचं झाकण काढून आतले टाके पाहिले आणि झाकण परत लावलं. मग व्हायोलिनची सीडी घातली. जिन्यावरून शाळेची मुलं दणदणत उतरली, ती जाईपर्यंत थांबून तिने सीडी सुरू केली. अर्ध्यावर बंद न करता तिने ती शेवटपर्यंत ऐकली. एवढा सगळा वेळ दादा उभाच होता.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"लिहून दे."

तिने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी ओढली. त्यावर दोन्ही आकडे लिहिले, तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'मोजला. ऐकला. चांगला आहे.' सही करताना तिने मीटरबाई असं लिहिलं नाही. आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्यापुढे तीस वर्षांत कुठल्याही कागदावर न लिहिलेलं माहेरचं आडनाव. दादाने चिठ्ठी हातात घेऊन आडनावापर्यंत वाचली. मग त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तो तिच्या शेजारी बसला.